यीस्टपासून 'ब' काविळीची लस कशी तयार होते?

किलवणी-सिल्वासा परिसरात ताडीचे मडके कोणाला नवीन नाही. सकाळी उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत फसफसू लागतो. हे काम यीस्टचे. डोळ्यांना न दिसणारी ही बुरशी साखर खाते आणि मद्यार्क व वायू सोडते. पावाचे पीठ फुगवणारीही हीच जमात. याच जमातीतल्या एका यीस्टकडून हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' काविळीची लस करून घेतात.

पूर्वी ही लस रोगवाहक माणसांच्या रक्तद्रवापासून काढत असत. १९८६ साली अमेरिकेत यीस्टपासून केलेली लस आली. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने स्वदेशी लस आणली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस यीस्टपासूनच बनवते. त्यासाठी हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाचे यीस्ट वापरतात.

विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये बसवले जाते. लशीत अख्खा विषाणू नसतोच, त्यामुळे तिच्यापासून कावीळ होत नाही. मात्र प्रथिन किती मिळेल, हे टाकीतील परिस्थितीवर ठरते.

अन्न : आधी ग्लिसरॉल देऊन यीस्ट भरपूर वाढवतात. अन्नाची चंगळ असेपर्यंत प्रथिनाचे 'बटण' बंद राहते. मग खुराक तोडून थोडा-थोडा देतात किंवा मिथेनॉल देतात, तेव्हा ते सुरू होते.

हवा आणि तापमान : दाट वाढलेले यीस्ट प्राणवायू झपाट्याने संपवते आणि उष्णताही सोडते. म्हणून निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते, द्रव ढवळत ठेवावा लागतो आणि टाकी थंड राखावी लागते.

आंबटपणा : यीस्ट वाढते तसा द्रव आंबट होतो. अमोनिया सोडून तो आटोक्यात ठेवतात. त्यातून यीस्टला नायट्रोजनही मिळतो.

वेळ : लवकर थांबले तर प्रथिन कमी मिळते. फार उशीर झाला तर पेशी मरू लागतात आणि त्यांतील पाचकद्रव्ये तयार प्रथिन तोडतात. योग्य वेळी पेशी फोडून प्रथिन शुद्ध करतात.

या गोष्टी नीट जुळल्या की एका टाकीतून जास्त डोस निघतात आणि प्रत्येक डोसचा खर्च उतरतो. आज राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस बाळांना मोफत मिळते.

पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, कारण हा आजार बाळंतपणात आईकडून बाळाला होऊ शकतो. तान्ह्या वयात संसर्ग झाला तर दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो कायमचा राहतो. पुढे त्यातून यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लशीतून मिळतात.

ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, त्यांनी हा पहिला डोस आधीच लक्षात ठेवावा. दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी तो कार्डावर नोंदला आहे ना, हे जरूर पाहावे. बाळंतपण घरीच झाले असेल, तर आशाताईंना किंवा परिचारिकेला त्याच दिवशी कळवावे.