उदार धर्माचे शिक्षक (भाग ४) : ऑक्सफर्डहून परळला

तळीयेहून महाडला उतरणाऱ्याला चवदार तळे दाखवावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या पाण्यापाशी गेले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच्या वीस वर्षे आधी मुंबईत परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढणाऱ्या विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. ही उणीव मला खरोखर टोचते.

शिंद्यांना परदेशी शिकायला पाठवणारे युनिटेरियन कोण, ते आधी पाहू. देव कोणालाही कायमचा नरकात लोटणार नाही, असे मानणारे अमेरिकेतले युनिव्हर्सलिस्ट आणि देव एकच, येशू हा थोर माणूस, असे मानणारे युनिटेरियन हे एकमेकांचे भाऊबंदच. १९६१ मध्ये अमेरिकेत त्यांच्या संघटना एक झाल्या. इंग्लंडातल्या युनिटेरियनांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. जन्म जमखंडीचा, २३ एप्रिल १८७३चा; घर वारकरी. प्रार्थना समाजाची ओढ त्यांना पुण्यात शिकत असतानाच लागली होती. ऑक्सफर्डात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली आणि बौद्ध धर्मही शिकले. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत भारतातील उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

इथे त्यांचा मोठेपणा सुरू होतो. दर रविवारी उपासना चालवून, सुंदर व्याख्याने देऊन ते आयुष्यभर मान मिळवू शकले असते. पण सर्व माणसे एका देवाची लेकरे आहेत असे मंदिरात म्हणायचे आणि बाहेर काहींना पाण्यालाही शिवू द्यायचे नाही, हे त्यांना सहन होईना. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले; अध्यक्ष होते न्यायमूर्ती नारायण चंदावरकर. परळच्या शाळेपाठोपाठ वसतिगृह आले, आजाऱ्यांची सेवा आली. शिंद्यांची बहीण जनाक्का या कामात जीव ओतून राबली. तिचे नाव वेगळे घेतलेच पाहिजे. पुढे पुण्यात नाना पेठेत इंदूरच्या होळकरांच्या मदतीने अहिल्याश्रम उभा राहिला.

शिंद्यांचे लिखाणही याच कामातून आले. 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' (१९३३) हा त्यांचा ग्रंथ दयेची याचना करत नाही. जुने ग्रंथ, जातींची नावे, गावातली हक्काची कामे, दक्षिणेतल्या प्रवासातली निरीक्षणे यांवरून अस्पृश्यतेचा इतिहास शोधणारा तो अभ्यास आहे. धर्मग्रंथ तपासायची ऑक्सफर्डातली शिस्त त्यांनी इथे महारवाड्याच्या प्रश्नाला लावली. अशी जिद्द त्या काळातल्या मराठी विद्वानांत फार थोड्यांची.

पण त्यांच्या कामाला मर्यादाही होती. मिशनचा कारभार मुख्यतः स्पृश्यांच्या हाती राहिला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की संयुक्त, यावर शिंदे आणि आंबेडकर यांचे पटले नाही. आपल्या वतीने इतरांनी बोलावे हे आंबेडकरांना मान्य नव्हते, आणि त्या बाबतीत मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. शिंदे १९२३ मध्ये मिशनमधून बाजूला झाले.

त्यानंतरची वीसेक वर्षे, म्हणजे शेतकरी परिषदा, १९३०चा येरवड्याचा तुरुंगवास आणि 'माझ्या आठवणी व अनुभव' हे आत्मचरित्र, पुढच्या आठवड्यात पाहू.