स्टिकर काढू नका! जुन्या व्हिडिओ गेमचं वय खोक्यावरून कसं ओळखायचं

हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. ऐकताना ज्यांना ‘थांब, पिना किती म्हणालास?’ असं होतं, त्यांच्यासाठी. बोललो तेच लिहिलंय, फक्त मधले ‘अं...’ आणि मागून जाणारी हार्बर लोकल काढून टाकली आहे.

आजचा विषय जुन्या व्हिडिओ गेमचे खोके आणि त्यांच्यावरची लेबलं. गेम नाही, खोके! कारण गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा आहे: ‘माळ्यावर जुनी कॅसेट सापडली, डब्यासकट. किती जुनी आहे? ओरिजिनल आहे का? आणि वरचा किमतीचा स्टिकर काढून साफ केली तर चालेल ना?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. अजिबात नाही. का, ते आता सविस्तर.

लेबल बदलतं म्हणजे काय?

कुठलाही गेम एकदाच छापून संपत नाही. खपला की पुन्हा छापतात, आणि प्रत्येक छपाईत काहीतरी बदलतं. संग्राहक त्याला ‘व्हेरिएंट’ म्हणतात. प्रोग्रामर मंडळींना सोप्या भाषेत सांगायचं तर गेम तोच, बिल्ड नंबर वेगळा.

निन्टेंडोचं उदाहरण घ्या. जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम आला आणि १९८५ मध्ये त्याचंच रूप अमेरिकेत एनईएस नावाने आलं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कॅसेटना पाच साधे स्क्रू होते. नंतर ते तीन झाले आणि तेही खास स्क्रूड्रायव्हर लागणारे. खोक्यावरचा दर्जाचा शिक्का आधी गोल होता, पुढे लंबगोल झाला. अगदी आधीच्या काही खोक्यांच्या मागे दुकानात टांगण्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी होती, ती नंतर गेली. आपल्याला हे फुटकळ वाटेल, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक न उघडलेली प्रत १,००,१५० डॉलरला विकली गेली, आणि त्यामागचं मोठं कारण होतं ती अगदी सुरुवातीच्या छपाईची असणं. त्या खोक्याला प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा नव्हतं. झाकण एका छोट्या गोल स्टिकरने बंद केलेलं होतं, आणि त्या स्टिकरवरूनच तिची छपाई ओळखली गेली.

तिकडे हे सोपं आहे, कारण सगळा माल एका कंपनीच्या हातून गेला. कुठला बदल कधी झाला, त्याच्या याद्या लोकांनी बनवल्या आहेत. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे.

आपल्याकडे काय होतं?

१९९५ मध्ये सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आलं, शॉ वॉलेसमार्फत. किंमत १८,००० रुपये. त्या काळी मध्यमवर्गीय घरात एवढ्या पैशांत काय काय आलं असतं, ते आईबाबांना विचारा. त्यामुळे बहुतेक घरांत पोहोचली ती फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेली स्वस्त यंत्रं. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारा, डोळे चमकतील. सोबत पिवळ्या, काळ्या, करड्या कॅसेट. जगाने काहीही म्हणावं, आपल्याकडे कार्ट्रिजला कॅसेटच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार.

या कॅसेटचे भाग कुठे बनले, जोडले कुठे, लेबल कुणी चिकटवलं, खोका कुणी छापला, याची सलग नोंद कुठेच नाही. म्हणजे आपल्या एका अख्ख्या पिढीने जे खेळलं, त्याचा कागदोपत्री पुरावा म्हणजे ते खोके, ती वॉरंटी कार्डं आणि ते स्टिकर. बस्स, एवढंच.

लेबल थापा मारतं

आपल्या कॅसेटवरच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. ‘९९९९९९९ इन १’ हा आकडा आठवतोय? आत वेगळे गेम असायचे मोजके. तेच गेम वेगळ्या नावाने, वेगळ्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन यादीत परत परत यायचे.

हे जमायचं कसं? कारण ते गेम इवलेसे होते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा. ‘बॅटल सिटी’, म्हणजे आपला रणगाड्यांचा गेम, २४ किलोबाइटचा. आज व्हॉट्सॅपवर येणारा सकाळचा शुभेच्छांचा फोटो यापेक्षा मोठा असतो! असे छोटे गेम एका चिपमध्ये भरणं सोपं होतं. एनईएसवरचा ‘काँट्रा’ मात्र १२८ किलोबाइटचा, आणि त्याला मेमरीचे तुकडे आलटूनपालटून समोर आणणारं जास्तीचं सर्किट लागायचं. त्यामुळे साध्या, स्वस्त मल्टी-गेम कॅसेटमध्ये तो बसत नसे.

म्हणून कॅसेटची नोंद करताना वरचा आकडा लिहाच, पण मेनूमधल्या पहिल्या २० गेमांचा क्रमही लिहा. दोन कॅसेटची लेबलं वेगळी आणि मेनूचा क्रम हुबेहूब सारखा असेल, तर आतला माल बहुधा एकच आहे आणि फरक फक्त कागदाचा. उलटही होतं: लेबल एकच, आत दुसरंच काही.

आणखी एक सापळा. लेबलवर १९८५ छापलं असेल तर कॅसेट १९८५ ची नसते. ते गेमच्या कॉपीराइटचं साल आहे. ती कॅसेट १९९८ मध्येही बनलेली असू शकते.

मग खरं कोण बोलतं? बारीक अक्षरं!

आता आपल्या हुकमी एक्क्याकडे येऊ: किमतीचा स्टिकर. भारतात सीलबंद मालावर किंमत, महिना-वर्ष, नाव-पत्ता छापण्याचे नियम १९७७ पासून आहेत. ज्या स्टिकरला परदेशातला संग्राहक घाण समजून खरवडून काढेल, तोच आपल्याकडे जन्मदाखला असतो. यात काय काय वाचायचं ते सांगतो.

एक, किंमत कशी लिहिली आहे. ‘स्थानिक कर वेगळे’ असं असेल तर माल जुना. ‘सर्व करांसहित’ एमआरपी ही सक्ती १९९० मध्ये आली.

दोन, शहराचं नाव. इंग्रजीत ‘बॉम्बे’ की ‘मुंबई’? अधिकृत बदल १९९५ चा. आपल्याकडच्या दुकानांच्या शिक्क्यांवर ‘न्यू बॉम्बे’ दिसलं तर तोही इशाराच.

तीन, फोन नंबर. २००२ च्या सुमारास मुंबईचे लँडलाइन नंबर सात आकड्यांवरून आठ आकड्यांवर गेले, पुढे २ लागला. छापील नंबर आठ आकडी असेल तर तो कागद त्याआधीचा असूच शकत नाही.

चार, यंत्रावरची बीआयएस नोंदणी. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ चा, अंमल २०१३ पासून, आणि पहिल्याच यादीत व्हिडिओ गेम होते. ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला की ते यंत्र नव्वदच्या दशकातलं नाही, विकणारा कितीही शपथा घेवो.

पाच, एकावर एक किमती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शिल्लक मालावर काही महिने सुधारित किमतीचा स्टिकर लावायची मुभा होती, पण जुनी किंमतही दिसत राहायला हवी होती. पीएस४ च्या एखाद्या गेमवर अशा दोन किमती दिसल्या तर तो डबा त्या संक्रमणाच्या काळात दुकानात पडून होता, असं समजायला हरकत नाही.

इथे एक तर्क पक्का लक्षात ठेवा. नवी खूण ‘याआधीचं नाही’ हे ठामपणे सांगते. जुनी खूण मात्र ‘यानंतरचं नाही’ असं सांगत नाही, कारण जुना छापील माल संपेपर्यंत सगळेच वापरतात. ‘बॉम्बे’ लिहिलेली पावतीपुस्तकं १९९५ नंतरही चालली असणारच. नवी खूण म्हणजे पुरावा, जुनी खूण म्हणजे फक्त अंदाज.

एक खोका वाचून बघू

माझ्यासमोर आत्ता एक खोका आहे. समोर मारिओसारखा दिसणारा, पण मारिओ नसलेला एक मिशीवाला. लेबलवर साल १९८५. स्टिकरवर एमआरपी सर्व करांसहित. पत्ता लॅमिंग्टन रोड, बॉम्बे ४०० ००७. फोन सात आकडी. आत वॉरंटी कार्ड, त्यावर दुकानाचा शिक्का आणि पेनाने लिहिलेली तारीख, १९९६ ची. आणि तळाला दुरुस्तीवाल्याची एक चिठ्ठी, तिच्यावर आठ आकडी नंबर.

१९८५ सोडून द्या, ते गेमचं साल. ‘सर्व करांसहित’ म्हणजे बहुधा १९९० च्या आधीचा नाही. कार्डावरची तारीख सांगते की १९९६ मध्ये विकला गेला. म्हणजे खोका बहुधा १९९० ते १९९६ मधला. ‘बॉम्बे’ आणि सात आकडे याच्याशी जुळतात. तळाची चिठ्ठी २००२ नंतरची, म्हणजे घरी आल्यावर निदान सहा वर्षांनीही कुणीतरी हे यंत्र पैसे देऊन दुरुस्त करून घेतलं. कागदाच्या चार तुकड्यांतून एका घराची गोष्ट मिळाली! हा त्या खोक्याचा गिट लॉग आहे. आता कल्पना करा, कुणीतरी हेअर ड्रायर घेऊन तो स्टिकर आणि ती चिठ्ठी सोलून काढली आणि ‘एकदम क्लीन बॉक्स’ म्हणून विकायला ठेवला. उरतो तो फक्त मिशीवाला.

नकली कसं ओळखायचं?

जुन्या वस्तूंना भाव येतोय म्हटल्यावर नवी लेबलं छापून चिकटवणारेही आले. तुमच्या खिशातला फोन इथे कामाला येतो. कॅमेऱ्याचा मॅक्रो मोड लावा आणि लेबलच्या रंगीत भागाचा अगदी जवळून फोटो काढा. ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत, फुलासारख्या नक्षीत बसलेले दिसतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेलं असेल तर ठिपके विस्कटलेले, शिंपडल्यासारखे दिसतात.

मग पिना मोजा. जपानी फॅमिकॉमच्या धाटणीच्या कॅसेटला ६०, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२. ६० पिनांची कॅसेट ‘अमेरिकन ओरिजिनल’ म्हणून कुणी विकत असेल तर नमस्कार करून पुढे चालायचं. उघडून पाहता आली तर आत चौकोनी चिप आहेत की काळ्या लाखेसारखा एक थेंब, ते बघा. थेंब असेल तर ती बहुधा स्वस्तातली नक्कल. पण नक्कल म्हणजे टाकाऊ नव्हे! आपला इतिहासच नकलांचा आहे. १९९४ ची खरी नक्कल आणि मागच्या महिन्यात छापलेली नकली नक्कल, यांतला फरक ओळखायचाय.

पीएस२ वाल्यांनो, तुमचीही पाळी आली

तुम्हाला वाटेल हे सगळं काका लोकांचं आहे. पण पीएस२ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबल्याचं जाहीर झालं, आणि त्या काळात भारतात बनलेले गेम आजच दुर्मीळ व्हायला लागलेत. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ चा, हैदराबादच्या ऑरोनाने बनवलेला. ‘देसी अड्डा’ही त्याच वर्षीचा, गेमशास्त्रचा. ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आपल्या मुंबईच्या ट्राइन गेम्सचा. डिस्कची कॉपी इंटरनेटवर सापडेल. आपल्या भाषेतलं, आपल्या किमतीचं खोकं सापडणार नाही.

त्या काळची बिलं थर्मल कागदावर आहेत आणि ती उडतात, कोरी होतात. आजच फोटो काढा.

घरी काय करायचं?

खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. स्टिकरचा जवळून वेगळा फोटो. सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद घेऊन निघतो. झिपवाल्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, कारण आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा.

आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे कुणाच्या घरातून आलं? गाव, नोड, साल, जेवढं कळेल तेवढं लिहून ठेवा. शुक्रवारी चोर बाजारात गेलात तर विकणारा वैतागेल, पण विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ: माळ्यावर चढा. नेरुळ, वाशी, बेलापूरच्या सिडकोच्या घरांत अजून कितीतरी खोके दिवाळीच्या कंदिलांखाली दबलेले असतील, आणि पुनर्विकास सुरू झाला की पहिल्याच टेम्पोत ते भंगारात जातील. सापडलेल्या खोक्यावरचा फोन नंबर मोजा आणि मला फक्त एवढंच कळवा: सात आकडे की आठ?

भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि स्टिकरला हात लावू नका!