घंटेची दोरी

श्रोतेहो, इतिहास लिहिणारा माणूस बहुधा जिंकणाऱ्याच्या पंगतीला बसलेला असतो. हरलेल्या राजाबद्दल बरं लिहायला त्याच्या दौतीत शाई उरत नाही. म्हणूनच श्रीलंकेच्या 'महावंस' या बखरीतलं एकविसावं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो.

सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात महानाम नावाच्या भिक्षूने ही बखर पाली भाषेत, पद्यात रचली, असं मानतात. आपला प्रदेशही तिच्यात भेटतो. अशोकाच्या काळात धर्मोपदेशासाठी जे थेर निघाले, त्यांतले महाधम्मरक्खित 'महारट्ठा'त आले, असं ती सांगते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कर्ता आपला हेतू नोंदवतो : सज्जनांच्या मनात प्रसन्नता यावी आणि संवेग उपजावा. संवेग म्हणजे माणसाला जागं करणारा हादरा.

या एकविसाव्या प्रकरणात एळार राजा येतो. चोळ देशातून आलेला, तमिळ, बौद्ध नसलेला. त्याने अनुराधपूर जिंकून चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं. त्याच्या बिछान्याच्या उशाशी एक घंटा होती आणि तिची लांब दोरी बाहेर सोडलेली होती. न्याय हवा असेल त्याने ती ओढावी. एकदा राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मेलं. गाईने दोरी ओढली आणि राजाने त्याच चाकाखाली आपल्या एकुलत्या मुलाला शिक्षा दिली. अवेळी आलेल्या पावसाने एका म्हातारीचे वाळत घातलेले तांदूळ भिजले. तिनेही दोरी ओढली. तेव्हा राजाने उपवास धरला, पाऊस वेळेवर पडावा म्हणून.

हे सगळं जसंच्या तसं घडलं असेल, असं मी म्हणत नाही. अशीच कथा तमिळनाडूत मनुनीती चोळाबद्दल सांगतात, आणि जहांगीर बादशहाने १६०५मध्ये गादीवर येताच आग्र्याच्या किल्ल्यावर न्यायाची साखळी बांधवल्याचं त्याच्याच आत्मचरित्रात आहे. माझं लक्ष जातं ते बखरकाराने काढलेल्या बोधाकडे. तो म्हणतो, हा राजा आपल्या धर्माचा नव्हता, पण 'अगती'च्या वाटेने गेला नाही. लोभ, द्वेष, भय आणि अज्ञान यांपायी केलेला पक्षपात म्हणजे अगती. परक्याचा चांगुलपणा असा मोकळेपणाने मान्य करायला मन मोठं लागतं.

पुढे दुट्ठगामणी या सिंहली राजाने एळाराला युद्धात मारलं. मारलं, पण त्याचे अंत्यसंस्कार मानाने केले, स्मारक उभारलं आणि तिथून जाताना वाद्यं बंद ठेवावीत, असा दंडक घातला. विजयानंतर महालात बसलेल्या या राजाला सुख वाटेना. आपल्यामुळे किती माणसं मेली, हेच त्याच्या मनात येई. तेव्हा आठ अर्हत आले आणि त्यांनी समजूत काढली : तू फक्त दीड माणूस मारलास. एकाने त्रिशरण घेतलं होतं, दुसऱ्याने पंचशील. उरलेले पशूंसारखेच.

इथे मी थांबतो. २०१७ साली म्यानमारमध्ये एका नामवंत भिक्षूने लष्करी अधिकाऱ्यांपुढे हीच कथा सांगितली. त्याच महिन्यांत लाखो रोहिंग्या मुसलमान घरदार सोडून बांगलादेशात पळत होते. वाचून मी हादरलो, पण बोट फक्त त्यांच्याकडे दाखवणार नाही. आपल्याला सोयीची ओळ ग्रंथातून उचलायची आणि बाकीचं पान उलटायचं, ही खोड साऱ्या धर्मांच्या अनुयायांना आहे. माझ्याही.

दीड माणसाच्या हिशेबाला उत्तर त्याच ग्रंथात आहे. मेलेले पशूंसारखे होते, असं घटकाभर धरलं, तरी एळाराच्या दारात पशूचीही दाद लागत होती. गाईला न्याय मिळतो, ही बखरीला अभिमानाची गोष्ट वाटते. मग शत्रू माणसात मोजायचा नाही, हे कसं पटावं? मला तर वाटतं, या कथेतला संवेग अर्हतांच्या सांत्वनात नाही. विजयाच्या रात्री राजाला लागलेल्या टोचणीत आहे.

श्रोतेहो, आपल्या प्रत्येकाच्या उशाशी एक घंटा असते. तिची दोरी घराबाहेर कुठवर पोचते आणि ती ओढायची मुभा आपण कुणाला देतो, हे अधूनमधून पाहायला हवं.