पोटात चारकोल, डोक्यात डिटॉक्स

कापूरबावडीवरून निघालात आणि मानपाड्याच्या सिग्नलला अडकलात, की घरी पोचेपर्यंत तोंडावरचा रुमाल काळा होतो. ट्रकचा धूर आणि मेट्रोच्या कामाची धूळ, घोडबंदर रोडवाल्यांना हे काय नवीन सांगायचं! त्यामुळे जिममध्ये कुणी ‘बॉडीतले हेवी मेटल्स खेचून काढतं रे हे’ म्हणत चारकोलच्या कॅप्सूल पुढे केल्या, की आपलाही हात पुढे जातो. झिओलाइट, क्लोरेला, बेंटोनाइट माती ही त्याच घराण्यातली भावंडं. यांना ‘बाइंडर’ म्हणतात. विषाला चिकटून ते पोटावाटे बाहेर काढायचं, असा यांचा दावा.

चारकोल हे खरंखुरं औषध आहे, हे आधी मान्य करू. कुणी गोळ्यांचा ओव्हरडोस घेतला, तर कॅज्युअल्टीत शक्यतो पहिल्या तासाभरात ते पाजतात, मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पण गंमत बघा, चारकोल ज्यांना नीट धरत नाही, त्या यादीत लोह, लिथियम आणि शिसं आहे. म्हणजे धातूच! शिवाय श्वासातली धूळ जाते फुप्फुसात आणि शरीरात शिरलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. आतड्यातून जाणारी कॅप्सूल तिथे पोचणार कशी?

ती पकडते ते भलतंच. थायरॉइडची गोळी, डिप्रेशनची गोळी, गर्भनिरोधक गोळी. तुम्ही रोज न चुकता औषध घेताय आणि ते अंगी लागतच नाहीये, असं होऊ शकतं. ‘दोन तासांचं अंतर ठेवा’ हा सल्ला बरा आहे, पण पुरेसा नाही. फिट्सवरची काही औषधं रक्तात गेल्यावरही चारकोल त्यांना आतड्यात ओढून घेतो. ओव्हरडोसमध्ये डॉक्टर हाच गुण वापरतात. ज्याची फिट गोळीवर थांबलेली आहे, त्याला हा डिटॉक्स बाइकवर असताना महागात पडेल. म्हणून कुठलीही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाइंडर नको.

मातीची कथा तर आणखी भारी. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये बेंटोनाइटच्या एका उत्पादनात शिसं सापडल्याचा इशारा दिला होता. शिसं काढायला घेतलेल्या मातीतच शिसं!

खरी विषबाधा असते, नाही असं नाही. बुलडाण्याच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं. तेव्हा रक्त, केस, पाणी, धान्य सगळं तपासलं गेलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम काही हेवी मेटल नव्हे, पण पद्धत तीच: विष येतंय कुठून, ते आधी शोधायचं.

तुम्हाला शंका असेल, तर शिरेतून रक्त काढून ‘ब्लड लेड’ टेस्ट करा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर स्रोत शोधून तो बंद करायचा. सुरमा, खात्री नसलेली भस्मं, सुटी भडक पिवळी हळद, घरात बॅटरी किंवा सोल्डरिंगचं काम, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आधी औषध देऊन मग लघवी तपासणारी ‘डिटॉक्स टेस्ट’ मात्र टाळा. त्या औषधाने निरोगी माणसाच्याही लघवीत धातू जास्त दिसतात.

धातू खरोखर बांधणारी औषधं वेगळी असतात. ती हॉस्पिटलच्या देखरेखीखाली देतात. चुकीचं ईडीटीए दिल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम कोसळून अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान मृत्यू झालेत. ऑनलाइन मागवायची ही वस्तू नव्हे.

धुळीसाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लावा. आणि हो, बाटलीच्या पैशात हिमोग्लोबिन तपासून घ्या, विशेषतः मुलींनी. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं, आणि पोटात गेलेली माती ते लोहही धरून ठेवू शकते.