एकसरचे वीरगळ व त्यांचा बदलता अर्थ

मुंबईच्या उत्तरेस, बोरिवलीच्या पश्चिम भागीं, एकसर येथील वीरगळ वाचकांस ऐकून ठाऊक असतीलच. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तळ्याकांठच्या आमराईंत अशा सहा शिळा एका रांगेंत असल्याचें वर्णन आहे. त्यांपैकीं चार सुमारें दहा फूट उंच. कांहींवर भूमीवरील संग्राम, तर कांहींवर उंच नाळेच्या, वल्ह्यांच्या नौकांचें युद्ध कोरलेलें आहे. वरच्या पट्ट्यांत शिवपूजन, शिरोभागीं कलश. ज्यांनीं त्या उभारिल्या त्यांचें सांगणें एवढेंच कीं, आमचा वीर लढतां लढतां पडला व शिवलोकास गेला. कोणाच्या बाजूनें, हें शिळा सांगत नाहींत.

पुढें अभ्यासकांनीं या युद्धाचा संबंध यादव महादेव व उत्तर कोंकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्या इ. स. १२६५ च्या सुमारच्या संग्रामाशीं जोडिला. मीहि वर्गांत हें निःशंकपणें शिकविलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. आधार मुख्यतः हेमाद्रीच्या राजप्रशस्तीचा. तींत एका ठिकाणीं, समुद्र तरून जाण्यांत कुशल असूनहि सोमेश्वर ससैन्य बुडाला असें म्हटलें आहे खरें, पण कोठें? महादेवाच्या हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदजलाच्या नद्यांत! दुसऱ्या ठिकाणीं त्यास महादेवाच्या कोपापेक्षां वडवानल बरा वाटला, अशी कल्पना आहे. महादेव म्हणजे राजा आणि शिवहि, हा श्लेष संस्कृतज्ञास सांगावयास नको. सोमेश्वर सागरांत नष्ट झाला, एवढें यावरून संभवतें. आरमाराशीं आरमार भिडलें, हें त्या श्लोकांत नाहीं. तेव्हां शिळांस श्लोकाचा व श्लोकास शिळांचा आधार देणें हा अन्योन्याश्रय होय. संबंध असंभवनीय नाहीं; सिद्ध मात्र झालेला नाहीं.

ग्रामस्थांस या वादाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांनीं शिळांस देव मानून पूजिलें. पूजेनें कोरीव काम बुजतें ही अभ्यासकांची तक्रार रास्त आहे. परंतु देवत्व न लाभलेले किती वीरगळ धुण्याचे दगड झाले, हें खेडोपाडीं हिंडणारास ठाऊक आहे. आतां तेथें आमराईच्या जागीं दाट वस्ती असून २०२२ पासून एकसर नांवाचें मेट्रोस्थानकहि आहे. आधीं प्रत्येक पट्टीचे ठसे घेऊन नौकांच्या रचनेचा विचार व्हावा. सोमेश्वराचें नांव मागाहून.