चित्रातील साक्ष : दाव्हिद आणि क्रांतीचे हुतात्मे

‘हुतात्मा’ हा मराठीत रूढ झालेला शब्द यज्ञकल्पनेतून आला आहे. ज्याने स्वत:ची आहुती दिली तो हुतात्मा. ती आहुती कुणी पाहिली की नाही, हा प्रश्न त्या शब्दात उद्भवत नाही. युरोपीय भाषांत या अर्थी जो शब्द योजतात त्याचे मूळ ग्रीक असून त्याचा पहिला अर्थ केवळ ‘साक्षीदार’ असा आहे. मरणारा मनुष्य आपल्या मरणाने आपल्या श्रद्धेची साक्ष देतो, ही त्यामागील कल्पना. झाक-लुई दाव्हिद (१७४८–१८२५) याने फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धुमाळीत काढलेली हुतात्म्यांची चित्रे पाहताना हा दुसरा अर्थ ध्यानात ठेवणे इष्ट ठरते. कारण या चित्रांपुढे उभे राहिल्यावर जो प्रश्न मनात येतो तो त्यागाचा नव्हे, पुराव्याचा.

दाव्हिद हा बाजूला उभा राहून पाहणारा चित्रकार नव्हता. १७९२ च्या सप्टेंबरात तो राष्ट्रीय कन्व्हेन्शनचा सभासद झाला, १७९३ च्या जानेवारीत सोळाव्या लुईच्या देहान्ताच्या बाजूने त्याने मत दिले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरापासून सर्वसाधारण सुरक्षा समितीत बसून तो अटकेच्या हुकमांवर सह्या करीत होता. तेव्हा त्याच्या चित्रांना ‘प्रचार’ म्हणताना हे विसरता कामा नये, की त्याला कुणी भाड्याने घेतले नव्हते. आपण रंगवितो ते सत्य आहे, अशी त्याची श्रद्धा होती. प्रचार हा नेहमी अप्रामाणिकच असतो, हा सोयीस्कर समज येथे उपयोगी पडत नाही.

क्रांतीचा पहिला मोठा हुतात्मा मिशेल ल पलतिये. राजाच्या देहान्ताला त्याने अनुकूल मत दिले म्हणून राजाच्या संरक्षकदलातील एका माजी शिपायाने २० जानेवारी १७९३ रोजी, म्हणजे राजाच्या शिरच्छेदाच्या आदल्याच दिवशी, त्याला भोसकले. त्याच्या अंत्यविधीची मांडणी दाव्हिदने केली. चौदाव्या लुईचा पुतळा पाडून रिकाम्या झालेल्या चौथऱ्यावर ल पलतियेचे शव, जखम उघडी ठेवून, लोकांच्या दर्शनास ठेवण्यात आले. नंतर दाव्हिदने त्याचे चित्र काढून २९ मार्च रोजी कन्व्हेन्शनला अर्पण केले. हे चित्र आज उपलब्ध नाही. ल पलतियेच्या ज्या कन्येला क्रांतीने राष्ट्राची कन्या म्हणून दत्तक घेतले होते, तीच पुढे राजनिष्ठ झाली. १८२६ मध्ये तिने ते चित्र विकत घेतले आणि त्यानंतर ते कुणाच्या दृष्टीस पडले नाही. एका शिष्याने केलेले रेखाटन आणि एका मुद्रित प्रतीचा फाटका अवशेष, एवढ्यावरूनच त्याची कल्पना करावी लागते. त्यात मृतदेहावर एका केसाने टांगलेली तलवार आहे. तिने एक कागद भेदला असून जुलमी राजाच्या मृत्यूसाठी आपण मत देत आहोत असे त्यावर लिहिले आहे. सारा आशय तलवारीने आणि कागदाने सांगून टाकला आहे. शवाला सांगण्यासारखे फारसे काही उरलेलेच नाही. एका कन्येच्या रागाने हे चित्र नाहीसे झाले ही खेदाची गोष्ट खरी, पण उपलब्ध अवशेषांवरून पाहता दाव्हिद येथे अजून चाचपडत होता असे म्हणावे लागते.

सहा महिन्यांच्या आत दुसरा प्रसंग आला. ‘लोकमित्र’ या अर्थाच्या नावाचे पत्र चालविणारा झाँ-पोल मारा त्वचारोगाने जर्जर होऊन दिवसाचा बराच काळ स्नानाच्या टबात बसून काम करीत असे. १३ जुलै १७९३ रोजी संध्याकाळी काँ शहराहून आलेली शार्लोत कॉर्दे तेथे शिरली. तिने चाकू चालविला, आणि मारा मेला. दुसऱ्याच दिवशी कन्व्हेन्शनमध्ये एका शिष्टमंडळाच्या वक्त्याने दाव्हिदला नावाने हाक मारून, तुला आणखी एक चित्र काढावयाचे आहे, असे बजावले. दाव्हिदने ते मान्य केले. खुनाच्या आदल्या दिवशीच तो माराला भेटून आला होता; टबाजवळचे लाकडी खोके आणि त्यावरील शाई-कागद त्याने डोळ्यांनी पाहिले होते. टबात लिहीत बसलेल्या स्थितीतच शव लोकांना दाखवावे अशी त्याची इच्छा होती, परंतु जुलैच्या उन्हाळ्यात देह इतका बिघडत चालला होता की ते शक्य झाले नाही. शवाने जे होऊ दिले नाही ते त्याने चित्रात केले.

आज ब्रुसेल्स येथे असलेले हे चित्र १६५ गुणिले १२८ सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढेच आहे. वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामा आहे. नुसती काळसर, रेघारेघांनी थरथरणारी भिंत. खाली पांढरे फडके, हिरवे आच्छादन, मागे कललेले मस्तक, आणि टबाच्या कडेवरून लोंबणारा उजवा हात. या हातात अजून लेखणी आहे. हा हात दाव्हिदने रोममधील विद्यार्थिदशेत पाहिलेल्या ख्रिस्ताच्या दफनचित्रांतून आणला आहे, हे सर्व अभ्यासकांनी मान्य केले आहे. काराव्हाज्जोचे नाव विशेषत: घेतले जाते. ज्या शरद्ऋतूत पॅरिसमधील चर्चे बंद होत होती त्याच ऋतूत क्रांतीने आपल्या देवासाठी ख्रिस्ताचा हात उसना घ्यावा, यात दांभिकपणा पाहण्याचे कारण नाही. शोक व्यक्त करण्याची दुसरी भाषा त्या लोकांजवळ नव्हती. माराचे हृदय कॉर्देलिए क्लबाच्या छताला टांगून त्याची येशूच्या हृदयाशी तुलना करणारे लोकही होतेच.

परंतु चित्राचे खरे कौशल्य त्यातील कागदांत आहे. माराच्या डाव्या हातात कॉर्देचे पत्र आहे. आपण दु:खी आहोत एवढेच आपल्या कृपेस पात्र होण्यास पुरेसे आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यात स्वच्छ वाचता येतो. खोक्यावर एक असिन्या, म्हणजे क्रांतिकाळातील कागदी नोट, आणि एक चिठ्ठी आहे : देशासाठी मेलेल्या सैनिकाच्या पाच मुले असलेल्या विधवेला ही नोट द्यावी. म्हणजे मारा दया करीत असताना मारला गेला. प्रत्यक्षात काय घडत होते? कॉर्दे काँ येथे आश्रयास गेलेल्या जिराँदिन पुढाऱ्यांची नावे सांगत होती, मारा ती उतरवून घेत होता, आणि त्यांना लवकरच गिलोटिनवर पाठविले जाईल असे त्याने उद्गार काढले, अशी तिची जबानी आहे. तेव्हा त्या संध्याकाळचा खरा कागद म्हणजे मृत्युदंडास पात्र ठरविलेल्यांची यादी. तिच्या जागी दाव्हिदने विधवेची चिठ्ठी ठेवली. अशी चिठ्ठी तेथे होती असे मानण्यास आधार नाही. मारा निर्धन अवस्थेत मेला हे खरे, पण दारिद्र्य आणि दया या एकच गोष्ट नव्हेत. सप्टेंबर १७९२ च्या तुरुंगांतील कत्तलींचे समर्थन त्याच्याच लेखणीने केले होते.

खोक्यावरील अक्षरे तर अधिक विचार करण्यासारखी आहेत. ‘माराला, दाव्हिद’, आणि त्याखाली ‘वर्ष दुसरे’. खुन्याच्या पत्रावर मात्र तारीख आहे ती १३ जुलै १७९३, जुन्या ख्रिस्ती कालगणनेतील. नवे पंचांग ऑक्टोबर १७९३ मध्ये आले आणि त्याच्या हिशेबाने दुसरे वर्ष २२ सप्टेंबरापासून सुरू झाले. मारा मेला तो पहिल्या वर्षात. एकाच फलकावर मृत्यू जुन्या काळात आहे आणि अर्पणपत्रिका नव्या काळात. समाधिलेखासारख्या या पाटीने साधे खोके थडग्याच्या दगडाची जागा घेते.

जे गाळले आहे तेही पाहिले पाहिजे. चित्रात कॉर्दे नाही. त्या खोलीतील आरडाओरडा नाही, खुर्ची उचलून तिच्यावर धावलेला कामगार नाही, भिंतीवरील नक्षीचा कागद नाही, आणि माराचे व्रणांनी भरलेले अंग तर नाहीच. येथे टीकाकाराची अडचण होते. कारण ज्या वगळण्याने हे चित्र खोटे ठरते, नेमक्या त्याच वगळण्याने ते थोर ठरले आहे. प्रचार बाजूला काढून कला तेवढी शिल्लक ठेवावी म्हटले तर ती रिकामी भिंत, ती शांतता, तो स्वच्छ देह, सारेच बाजूला काढावे लागेल. बोदलेअरने १८४६ मध्ये हे चित्र पाहून त्यातील क्रूरता आणि कोमलता एकत्रच अनुभवली, टी. जे. क्लार्क याने १९९९ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक चित्रकलेचा आरंभच या चित्रापासून धरला. दोघांनीही ते राजकारणापासून तोडून पाहिले नाही, हे त्यांचे शहाणपण.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी ल पलतिये आणि मारा ही दोन्ही चित्रे लूव्हरच्या चौकात समारंभाने मांडण्यात आली. त्याच दिवशी मारी आंत्वानेतचा शिरच्छेद झाला आणि गाडीतून वधस्तंभाकडे जाणाऱ्या राणीचे एक उग्र रेखाटन दाव्हिदने केले. नोव्हेंबरात चित्रे कन्व्हेन्शनला अर्पण झाली आणि सभागृहात लागली. तेथे ती दीड वर्षही राहिली नाहीत. फेब्रुवारी १७९५ मध्ये माराचे अवशेष पाँतेआँतून बाहेर काढण्यात आले, आणि चित्रेही उतरली. ज्या कृतीने प्रजासत्ताकाची अखंड आठवण राखावयाची ती प्रजासत्ताकालाच नकोशी झाली. १८६० मध्ये पोल बोद्रीने तीच खोली पुन्हा रंगविली. आता कॉर्दे खिडकीशी ताठ उभी आहे, तिच्यामागे फ्रान्सचा नकाशा आहे, आणि मारा कोपऱ्यात वाकडातिकडा पडला आहे. हुतात्म्याची जागा मारणारीने घेतली. चित्र म्हणून ते दाव्हिदच्या जवळपासही जात नाही, पण साक्षीदार बदलला की साक्ष कशी उलटते याचा असा नमुना क्वचित सापडेल.

दाव्हिदचे तिसरे हुतात्माचित्र अपूर्णच राहिले. व्हाँदेच्या बंडात १७९३ च्या डिसेंबरात मारला गेलेला चौदा वर्षांचा जोझेफ बारा मरताना प्रजासत्ताकाचा जयजयकार करीत होता, असे रोब्सपिएरने कन्व्हेन्शनला सांगितले. त्याने सांगितले म्हणून ते राष्ट्राने मानले. दाव्हिदने या मुलाला नग्न, तिरंगी फीत छातीशी धरलेला असा रंगविला. त्याच्या सन्मानाचा उत्सव १० थर्मिदोर, म्हणजे २८ जुलै १७९४ या दिवशी व्हावयाचा होता आणि त्याची योजनाही दाव्हिदचीच होती. आदल्या दिवशी रोब्सपिएरचा पाडाव झाला. उत्सवासाठी ठरलेल्या दिवशी त्याचे मस्तक गिलोटिनखाली पडले, आणि काही दिवसांतच दाव्हिदही तुरुंगात गेला. ते चित्र आज आव्हिन्यों येथील काल्व्हे संग्रहालयात आहे. मुलाच्या मागचा भाग अद्याप नुसताच पुसट, रंगाच्या पातळ फटकाऱ्यांनी झाकलेला आहे.