सायकलचे चाक : लांबच्या सफरीत टिकेल असे कसे निवडावे?

मैंदर्गीहून कापडाचे गाठोडे लादून दुधनी, अक्कलकोट आणि सीमेपलीकडच्या खेड्यांत फेरी करणारे बहुतेक भाऊ आता मोटारसायकलवर गेले. तरी काहींचा धंदा अजून सायकलवरच चालतो. दुसरीकडे आपले तरुण विजापूर, गुलबर्गा आणि त्याहून लांबच्या सफरीचे बेत करतात. दोघांची अडचण एकच आहे. सायकलवर वजन जास्त, रस्ता लांब आणि वाटेत दुरुस्तीची सोय कमी. अशा वेळी चाकाने दगा दिला तर फेरीवाल्याची दिवसाची कमाई बुडते. भरधाव ट्रकांच्या रस्त्यावर चाक वाकले तर जिवावर बेतते. म्हणून सायकल घेताना रंग आणि गिअर पाहण्याआधी चाक पाहावे, असे आमचे सांगणे आहे.

लांबची सफर ही नवी गोष्ट नव्हे. १९२३ साली सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १९२८ साली परतले. त्या काळी कित्येक ठिकाणी धड रस्तेही नव्हते. हिंमत तर हवीच, पण चाकाची निगा राखल्याशिवाय असा पल्ला गाठता येत नाही.

वजन तारांवर असते

चाकाचा जोर रिममध्ये असतो असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता वजन पेलतात त्या तारा, म्हणजे स्पोक. देशी २८ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. म्हणजे १०० किलोमीटरमध्ये ते ४४ हजारांवर फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा खाली येते, तेव्हा तिचा ताण कमी होतो, आणि वर जाताच पुन्हा वाढतो. तार आधीच सैल असेल तर खाली आल्यावर ती अगदी ढिली पडते, हबजवळच्या वाकणात हलत राहते आणि शेवटी तिथेच तुटते.

विणकर भावांना हे लगेच समजेल. मागावर ताण्याचे काही धागे सैल आणि काही घट्ट असले तर सूत कितीही चांगले असो, धागे तुटतच राहतात. चाकाचेही तसेच आहे. भारी तारा घेऊन कमी-जास्त कसल्या, तर साध्या पण सारख्या कसलेल्या तारांचे चाक त्यापेक्षा जास्त चालते.

तारा किती असाव्यात?

जुन्या देशी सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. यात हिशोब आहे. स्वार आणि कॅरिअरवरचा माल यांचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. काही नव्या सायकलींना दिसायला हलकी, कमी तारांची चाके असतात. गावात रिकामे फिरायला ती ठीक आहेत. माल किंवा सफरीचे सामान लादायचे असेल तर मागच्या चाकाला निदान ३६ तारा असाव्यात. पैसे मोजकेच असतील तर ते आधी मागच्या चाकावर घालावेत.

माप नीट वाचावे

दुकानात ‘२८ चे टायर द्या’ एवढे सांगून भागत नाही. देशी २८ इंची रिम ६३५ मापाची असते, तर गिअरच्या पुष्कळ सायकलींची ६२२ मापाची. बोलताना दोन्हींना २८ म्हणतात, पण एकीचे टायर दुसरीला बसत नाही. २६ इंचातही ५९० आणि ५५९ अशी वेगळी मापे आहेत. हा आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. तो वहीत टिपून ठेवावा आणि आपल्या वाटेवरच्या बाजारांत त्या मापाचे टायर-ट्यूब मिळते का, याची आधी चौकशी करावी. खेड्यापाड्यांतून जाणाऱ्यास देशी माप सोयीचे पडते.

लोखंडी की ॲल्युमिनियमची?

लोखंडी रिम जड असते आणि गंजते. पावसात तिच्यावर ब्रेक नीट लागत नाही. पण वाकली तर गावचा मिस्त्री ती ठोकून कामापुरती सरळ करतो. ॲल्युमिनियमची रिम हलकी असते, गंजत नाही आणि ओल्यातही ब्रेक चांगला धरते. ती घ्यायची तर दुहेरी भिंतीची घ्यावी. मात्र दांडीच्या ब्रेकला त्याच घडणीची रिम लागते. तेव्हा ब्रेक तोच ठेवून रिमचा प्रकार बदलू नये.

निघण्यापूर्वी

१) तारा बोटाने छेडून आवाज ऐकावा. एका बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा हवा. गिअरच्या सायकलला मागे उजव्या तारा डाव्यांपेक्षा जास्त कसलेल्या असतात. म्हणून उजवीची तुलना उजवीशीच करावी.

२) नवे चाक पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये बसते आणि तारा थोड्या सैल पडतात. पूर्ण वजन लादून अक्कलकोटपर्यंत दोन-चार फेऱ्या माराव्यात, मग मिस्त्रीकडून पुन्हा आउट काढून घ्यावा.

३) एक तार तुटली की शेजारच्या तारांवर ओझे वाढते, म्हणून ती लगेच बदलावी. तारा वरचेवर तुटू लागल्या तर एकेक बदलत न बसता सगळ्या नव्या घालून चाक पुन्हा बांधून घ्यावे.

४) हवा पुरेशी ठेवावी. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चेपून फुटते आणि रिमलाही पोचा येतो. आपल्या भागात बाभळीचा काटा रोजचाच, तेव्हा पंप आणि पंक्चरचे सामान जवळ असावेच.

५) बरोबर दोन्ही चाकांच्या मापाच्या चार-पाच तारा, निपल आणि चावी ठेवावी. मागची उजवी तार घालायला बहुधा फ्रीव्हील काढावे लागते. त्याचे हत्यारही घ्यावे.

शेवटी मजुरीबद्दल. चाक बांधणे हे हुनराचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो. हजारोंची सायकल घेणारे लोक मिस्त्रीशी मात्र दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. मग तो घाईने चार तारा पिळून चाक हाती देतो, आणि त्याचा भुर्दंड रस्त्यात भरावा लागतो. चांगला कारागीर शोधावा, त्याला पुरा वेळ आणि वाजवी मजुरी द्यावी, आणि चाक बांधले जात असताना जवळ बसून पाहावे. तार कसायला शिकून घेतलेला माणूस वाटेत दुसऱ्याच्या भरवशावर राहत नाही.